गोल्डन गेटबाहेर गरवणाऱ्यांचा धागा: यंदा सॅमन गेला कुठे?

गोल्डनगेटकर | १४ ऑगस्ट २०२२

काल पुन्हा जाऊन आलो. बावीस माणसं, नऊ तास, तीन मासे. त्यातला एक माझा, म्हणून हे लिहायचं तरी तोंड आहे.

पहाटे साडेपाचला सान फ्रान्सिस्कोजवळच्या एमरीव्हिलच्या धक्क्यावरून निघालो. गोल्डन गेट पुलाखालून बाहेर पडेपर्यंत धुकं इतकं की पूल फक्त ऐकू आला, वरच्या गाड्यांचा आणि भोंग्याचा तेवढा आवाज. मग तो पोटॅटो पॅच. पुलाबाहेर उजव्या हाताला समुद्र उथळ आहे, तिथे लाट उभी राहते. बोडेगाकडून बटाटे घेऊन येणाऱ्या होड्या तिथे माल सांडायच्या म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. काल तिथे तिघांनी आपापला नाश्ता सांडला.

बोलिनासच्या समोर, डक्सबरी रीफच्या बाहेर, इंजिन मंद करून ट्रोलिंग सुरू, म्हणजे चालत्या बोटीमागे गळ ओढत न्यायचे. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: प्रत्येकाच्या दोरीला किलोभर वजनाचा शिशाचा गोळा असतो, त्याच्या मागे आमिष. मासा ओढला की कळ सुटते, गोळा तळाला जातो आणि दोरीवर मासा एकटा उरतो. म्हणजे दर माशामागे एक गोळा समुद्राला. आमिष म्हणून अँकोव्ही, आपल्या मांदेलीच्याच कुळातली. तिच्या डोक्यावर प्लास्टिकची टोपी चढवतात, म्हणजे ती पाण्यात जखमी माशासारखी गिरक्या घेते.

दहा वाजेपर्यंत एकही रॉड वाकला नाही. कॅप्टनने तीनदा दोऱ्या वर घ्यायला लावून जागा बदलली. रेडिओवर बाकीच्या बोटींचं रडगाणं तेच. गंमत म्हणजे समुद्र रिकामा नव्हता. मर नावाचे समुद्रपक्षी बुड्या मारत होते, दोन हंपबॅक देवमासे तोंड वासून वर येत होते, सगळीकडे अँकोव्ही उसळत होती. खलाशी म्हणाला, पंगतीत बसलेल्याला तुम्ही डब्यातलं खा म्हणताय. दोन मापाखालचे आले, ते पाण्याबाहेर न काढताच सोडले. गळाला उलटा काटा नसतो, हाताला एक झटका दिला की सुटतो. एक कोहो आला, सॅमनचीच दुसरी जात, तोही परत. इथे कोहो ठेवता येत नाही. हिरडी पांढरी तर कोहो, काळी तर किंग, हे खलाशाने मला टॉर्च मारून दाखवलं.

अवांतर: परवाच नारळी पौर्णिमा झाली म्हणून मी पिशवीत नारळ नेला होता. टाकणार तेवढ्यात खलाशी धावत आला, हे अभयारण्य आहे, इथे काही टाकायचं नाही. मग कठड्यावर आपटून फोडला आणि वाटला. शेजारच्या व्हिएतनामी आजोबांनी दोन तुकडे घेतले आणि थर्मासमधला चहा मला दिला. त्यानंतर पंधरा मिनिटांत माझा रॉड वाकला. ज्याला जे मानायचं ते मानावं.

नऊ पौंडांचा किंग. पण धक्क्यावर मत्स्य खात्याची मुलगी उभी होती. शेपटीच्या अलीकडे पाठीवर बोटाच्या पेराएवढा मऊ पर असतो, तो माझ्या माशाला नव्हता. कापलेला. म्हणजे हॅचरीतला, माणसांनी टाकीत वाढवलेला, आणि नाकात खूण. तिने विचारलं आणि डोकं कापून पिशवीत घालून घेऊन गेली.

तर प्रश्न असा: मलाच लागत नाहीत की हंगामच मंद आहे? हाफ मून बे, मॉन्टेरेवाले कोणी आहेत का इथे?

मालवणी_मसाला | १४ ऑगस्ट २०२२

डोकां दिलास?? नऊ पौंडाच्या माश्याचा डोकां? अरे कालवण तेचाच तर असता. पुढच्या वेळी त्या पोरीक सांग, नाक घेऊन जा, बाकीचा ठेव.

वाचनमात्र | १५ ऑगस्ट २०२२

छान लिहिलंय. आम्ही पुण्यात 'इंडियन सॅमन' म्हणून घेतो तो हाच का?

गोल्डनगेटकर | १५ ऑगस्ट २०२२

नाही हो. तो रावस. इंग्रजी मेन्यूकार्डाने त्याला सॅमन केलं, नात्याने दोघांचा काही संबंध नाही. रावस आयुष्यात डोंगर चढत नाही. सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो, त्याच नदीत परत जाऊन अंडी घालतो आणि मरतो. रावसाला गळ्याखाली चार धागे असतात, मला हा एकच सांभाळवत नाहीये.

@मालवणी: हसू नका, मलाही वाईट वाटलं.

सनीवेलची_अश्विनी | १५ ऑगस्ट २०२२

नवरा जुलैत हाफ मून बेहून गेला होता. अठरा जणांत चार मासे, नवऱ्याचा शून्य. येताना दुकानातून घेऊन आला आणि मला सांगितलं पकडलाय. पावती डिकीत सापडली.

रेडिंगची_सून | १६ ऑगस्ट २०२२

मी समुद्रावर कधी गेले नाही, पण तुमचे मासे जिथून येतात तिथे राहते. म्हणून थोडं लांब लिहिते, कंटाळा आला तर सोडून द्या.

आमच्या गावात सॅक्रामेंटो नदीवर काचेचा एक पादचारी पूल आहे, सनडायल ब्रिज. २००४ साली बांधला, पण नदीत एकही खांब नाही, कारण खाली सॅमन अंडी घालतात. शरद ऋतूत सासूबाई आणि मी संध्याकाळी तिथे फिरायला जातो. मादी आडवी होऊन शेपटीने गोटे उडवते, खळगा करते, त्यात अंडी घालते. बघायला मिळालं तर तासभर पाय निघत नाही.

तुम्ही पकडलात तो मासा बहुधा तीन वर्षांचा असणार. म्हणजे २०१९ च्या शरदात अंडं, २०२० च्या वसंतात नदीतून समुद्रात. २०२० कोरडं वर्ष होतं. गावाच्या वरच्या शास्ता धरणाच्या मागे थंड पाण्याचा साठा असतो, तोच उन्हाळ्यात जपून जपून सोडतात. पाणी ५६ फॅरनहाइटच्या वर गेलं की अंडी मरायला लागतात. गेल्या उन्हाळ्यात, २०२१ ला, आमच्याकडे हिवाळी सॅमनची (हे हिवाळ्यात नदीत शिरतात, अंडी उन्हाळ्यात घालतात) शेकडा तीनसुद्धा अंडी पिल्लांपर्यंत पोचली नाहीत. तुम्ही पकडता ते शरदातले, हे वेगळे, पण नदी तीच. सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे यांची जुनी घरं. ती शास्ताच्या वर, बर्फाच्या पाण्यात. १९४० च्या दशकात धरण बांधल्यापासून तिकडचा रस्ता बंद. ज्यांना डोंगरात जायचं होतं ते आता आमच्या गावातल्या, चाळीस डिग्रीच्या उन्हातल्या नदीत संसार करतात.

आणि एक विचित्र गोष्ट. २०२० च्या सुरुवातीला हॅचऱ्यांमध्ये पिल्लं गोल गोल फिरून मरायला लागली. कोणता रोग कळेना. शेवटी कळलं, बी-१ जीवनसत्त्वाची कमतरता. आया समुद्रात जवळजवळ फक्त अँकोव्ही खात होत्या, आणि अँकोव्हीत बी-१ मोडणारं एन्झाइम असतं. अंड्यात जीवनसत्त्व उतरलंच नाही. मग पिल्लांना बी-१ च्या पाण्यात आंघोळी घातल्या. तुमच्या बोटीभोवती उसळत होती ना ती पंगत, तिची ही दुसरी बाजू.

२०२१ चा आणि या वर्षाचा हिशोब अजून समुद्रात दिसायचाय. मला तरी पुढची दोन-तीन वर्षं बरी दिसत नाहीत.

मालवणी_मसाला | १६ ऑगस्ट २०२२

ताई, मांदेली असा करीत म्हणून वाटलां नव्हता.

फ्रेझ्नोतला_पाटील | १७ ऑगस्ट २०२२

सगळे हळहळताहेत, बरं आहे. मी एका बदामाच्या बागायतदाराकडे हिशोब बघतो. यंदा केंद्राच्या कालव्यातून सॅक्रामेंटोच्या मुखाजवळच्या डेल्टाच्या दक्षिणेच्या शेतकऱ्यांना किती टक्के पाणी मंजूर झालं माहीत आहे? शून्य. गेल्या वर्षीही शेवटी शून्यच. आमच्याकडे चाळीस एकर झाडं मशीनने उपटून भुसा केला. शनिवारी दोनशे डॉलर देऊन मासे पकडणाऱ्यांसाठी नदीत थंड पाणी ठेवायचं आणि आम्ही विहिरी खोल करायच्या, हे मला पटत नाही.

रेडिंगची_सून | १७ ऑगस्ट २०२२

पाटील, माझं माहेर सोलापूरकडचं आहे. टँकरच्या रांगेत उभी राहिलेली आहे, त्यामुळे शून्य टक्क्याचं कौतुक मला सांगू नका. पण शनिवारचे हौशी बाजूला ठेवा, ज्यांचं घर सॅमनवर चालतं ते कोळीही आहेत. आणि दक्षिणेत शून्य झालं तेव्हा उत्तरेतल्या जुन्या हक्कवाल्यांना शून्य नव्हतं मिळालं, हेही तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. भांडण मासा आणि शेतकरी असं दिसतं, असतं ते पाणी आधी कोणी अडवलं याचं.

फ्रेझ्नोतला_पाटील | १७ ऑगस्ट २०२२

शेवटचं वाक्य मान्य. बाकीच्यावर नंतर बोलू, उद्या ऑडिट आहे.

गोल्डनगेटकर | २९ ऑक्टोबर २०२२

धागा वर काढतोय. डोक्याचं उत्तर आलं!

नाकातली तार जेमतेम मिलिमीटरभर लांब असते म्हणे. त्यावरच्या आकड्यांवरून कळलं की माझा मासा सॅक्रामेंटोला मिळणाऱ्या फेदर नदीवरच्या हॅचरीतला, २०२० च्या वसंतात सोडलेला. रेडिंगच्या ताईंचा अंदाज बरोबर निघाला. पण सोडला नदीत नाही. टाकीच्या ट्रकमध्ये भरून, हायवेने, थेट सान पाब्लो उपसागरात. नदीतून येताना डेल्टातून कालव्यांत पाणी उपसणाऱ्या पंपांत, कोमट पाण्यात, मोठ्या माशांच्या पोटात बरेच जातात, म्हणून ही सोय. २०२१ च्या दुष्काळात तर राज्याने अशी दीड कोटीच्या वर पिल्लं ट्रकने आणली.

तेव्हापासून आय-८० वर टँकर दिसला की मी जरा अंतर ठेवून चालवतो.

सनीवेलची_अश्विनी | २९ ऑक्टोबर २०२२

पण मग त्याला परतीची वाट कशी कळणार? तो नदीतून आलाच नाही तर?

रेडिंगची_सून | ३० ऑक्टोबर २०२२

तोच घोळ आहे. नदीचा वास लहानपणी उतरता उतरता पाठ होतो. ट्रकमधून आलेले जगतात जास्त, पण परतताना जास्त भरकटतात, भलत्याच नदीत शिरतात. आम्ही मुलांना आगगाडीने आजोळी न्यायचो तर त्यांना स्टेशनं पाठ होती. आता विमानाने नेतो.

गोल्डनगेटकर | १२ मार्च २०२३

संपलं. एप्रिलमध्ये उघडायचा हंगाम परवा रद्द झाला. उरलेल्या वर्षाचा निर्णय पॅसिफिक कौन्सिल, म्हणजे इथल्या किनाऱ्यावरच्या मासेमारीचे नियम ठरवणारं मंडळ, एप्रिलमध्ये घेईल, पण कॅलिफोर्नियासाठी समोर ठेवलेल्या तिन्ही पर्यायांत 'बंद'च लिहिलंय.

आकडे बघा. गेल्या शरदात सॅक्रामेंटोत अंडी घालायला किमान १,२२,००० मोठे मासे परत यावेत असं उद्दिष्ट होतं. आले सुमारे ६२,०००. यंदा समुद्रात सॅक्रामेंटोचे फक्त १,७०,००० च्या आसपास असतील असा अंदाज, २००८ नंतरचा सगळ्यात खालचा. २००८ आणि २००९ लाही असंच बंद होतं, तेव्हा मी इथे नवीन होतो आणि मासेमारी म्हणजे शनिवारी फिश मार्केट, एवढंच माहीत होतं.

मला ऑगस्टमधले ते तीन मासे आठवताहेत. आम्ही बावीस जण जागा चुकली, आमिष चुकलं, खोली चुकली असं बडबडत होतो.

वाचनमात्र | १२ मार्च २०२३

बातम्यांत तर तिकडे पूर दाखवताहेत. धरणं भरली, डोंगरावर विक्रमी बर्फ. आणि मासेमारी बंद?

रेडिंगची_सून | १३ मार्च २०२३

या पावसाचं पाणी यंदाच्या पिल्लांना मिळेल. ती मोठी होऊन दिसतील २०२५ ला. आत्ता समुद्रात आहेत ती दुष्काळातली.

दादर_टू_डेव्हिस | १३ मार्च २०२३

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी बोटी बंद असतात तसंच समजायचं का हे?

गोल्डनगेटकर | १३ मार्च २०२३

तसं नाही. आपली पावसाळी बंदी दरवर्षी ठरलेली. कोळ्याला माहीत असतं, त्या दिवसांत जाळी विणायची, होडीला तेल द्यायचं, पौर्णिमेला नारळ. इथे मार्चमध्ये कळतं की एप्रिलमध्ये धंदा नाही. मी ज्या बोटीने जातो तिचा कॅप्टन आता खडकातले रॉकफिश, लिंगकॉड आणि खाडीतल्या हॅलिबटवर लोकांना नेतोय. म्हणाला, चालतं, पण फोन वाजत नाही. सॅमन म्हटलं की माणूस चार वाजता उठतो. रॉकफिशसाठी म्हणतो, हवा बघून सांगतो.

ख्राइस्टचर्चची_मावशी | २ एप्रिल २०२३

वाचत होते, आता राहवेना. हेच मासे आमच्याकडेही आहेत! शंभरेक वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियाच्या मॅक्लाउड नदीकडची अंडी बर्फात घालून न्यूझीलंडला आणली आणि दक्षिण बेटातल्या नद्यांत ती रुजली. रकाया नदीच्या तोंडाशी माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहायची. आता आमच्याकडेही घटलेत. कँटरबरीत अलीकडेच मर्यादा आणली, अख्ख्या हंगामात माणशी दोन. दिवसाला नव्हे, हंगामात. आमच्या शेजाऱ्यांनी पहिला डिसेंबरात पकडला आणि दुसऱ्याच्या नुसत्या धास्तीने पुढे गेलेच नाहीत.

रेडिंगची_सून | २ एप्रिल २०२३

मावशी, मॅक्लाउड म्हणजे शास्ता धरणाच्या वरची नदी, तीच जुनी घरं. तिथल्या विनेमेम विंटू या मूळ रहिवाशांच्या हद्दीत आता सॅमन जात नाही. त्यांची माणसं २०१० साली तुमच्याकडे येऊन या माशांना भेटून गेली आहेत.

ख्राइस्टचर्चची_मावशी | २ एप्रिल २०२३

अगं बाई.

गोल्डनगेटकर | १४ एप्रिल २०२४

दुसरं वर्षही बंद. लिहायला काही नाही. रिळांना तेल दिलं.

मालवणी_मसाला | १४ एप्रिल २०२४

हयसून बांगडो पाठवतंय. उधारीत लिहून ठेव.

रेडिंगची_सून | ३ नोव्हेंबर २०२४

एक चांगली बातमी, आमच्या नदीची नाही, वरच्या क्लॅमथची. तिथली चार धरणं पाडायचं काम आता संपलं. शेवटचा अडथळा निघून काही आठवडेही झाले नाहीत तर सॅमन आयर्न गेट धरणाच्या जागेवरून वर गेलेले दिसले. त्याही वरच्या धरणांपलीकडे शंभर वर्षांहून जास्त काळ सॅमन नव्हता. कोणी वाट दाखवायला नव्हतं. २००२ साली याच नदीच्या खालच्या टप्प्यात तीस हजारांहून जास्त सॅमन मरून काठाला लागले होते. तिथल्या मूळ रहिवाशांची, युरोक लोकांची, तेव्हाची लहान पोरं आता मोठी झालीत आणि त्यातली काही या कामात होती, असं वाचलं. सासूबाईंना फोटो दाखवला तर म्हणाल्या, शास्ता कधी?

फ्रेझ्नोतला_पाटील | ३ नोव्हेंबर २०२४

शास्ता नाही हां. एवढं कबूल करा.

रेडिंगची_सून | ३ नोव्हेंबर २०२४

सासूबाईंना सांगते.

गोल्डनगेटकर | २० जून २०२५

तीन वर्षांनी गेलो! उशिरा लिहितोय कारण हात दुखत होता. (माशाने नव्हे, पोटॅटो पॅचवर कठडा धरून.)

कायदा असा होता: उन्हाळ्यात हौशी लोकांसाठी सगळ्या किनाऱ्याला मिळून ७,००० मासे. पहिले दिवस ७ आणि ८ जून. त्यात कोटा उरला तर जुलैत, ऑगस्टमध्ये आणखी. दोन दिवसांतच ९,००० च्या वर मासे निघाले. त्यामुळे उन्हाळा संपला. सप्टेंबरच्या ४ पासून वेगळा ७,५०० चा कोटा आहे.

शनिवारी पुलाबाहेर जे दृश्य होतं ते गणपतीत लालबागला असतं. रेडिओवर एकमेकांना शिव्या. ज्याच्याकडे पाण्यावर तरंगेल असं काही होतं तो आला होता. आणि बोटींच्या त्या गर्दीत व्यावसायिक कोळ्यांची एकही नाही, कारण त्यांना सलग तिसऱ्या वर्षी बंद. मी मजा करायला जातो आणि ज्याचं पोट त्यावर आहे तो धक्क्यावर उभा राहून बघतो, हे मला बोटीवर चढताना टोचलं. चढलो मात्र. ते व्हिएतनामी आजोबा दिसले नाहीत.

दादर_टू_डेव्हिस | २० जून २०२५

पण २०२३ ला पाऊस धो धो होता ना? ताई म्हणाल्या होत्या २०२५ ला दिसेल. मग अंदाज तर २०२३ पेक्षाही खाली, १,६५,००० च्या आसपासच?

रेडिंगची_सून | २१ जून २०२५

मी अर्धंच सांगितलं होतं, चूक माझी. पाणी भरपूर होतं. पण २०२२ च्या शरदात अंडी घालायला आले होते ६२,०००. पाळणा मोठा आणि बाळंतिणी मोजक्या. पुढची पिढी जरा बरी असावी, २०२३ ला जास्त परत आले होते. यापुढे मी साल सांगणार नाही.

मालवणी_मसाला | २१ जून २०२५

ता सगळा ऱ्हवांदे. मासो गावलो काय?

गोल्डनगेटकर | २१ जून २०२५

एक. अकरा पौंड. ती मुलगी, म्हणजे दुसरी होती, तशीच पिशवी घेऊन उभी. माझ्या माशाची पाठ तिने दोनदा बोटाने चाचपली. पर जागेवर होता. हॅचरीतल्याही चारातल्या तिघांचा कापत नाहीत, तेव्हा नदीत जन्मलेला की टाकीत, कोणालाच कळणार नाही.

डोकं घरी आलं.

मालवणी_मसाला | २१ जून २०२५

त्रिफळां घातलंस?

गोल्डनगेटकर | २१ जून २०२५

चार. आणि आमसुलं तीन. फोटो चढत नाहीये.